उशिरा मिळालेली खुर्ची : डॉ. कमला सोहोनी

आपल्या उत्सवाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र असते. लोकमान्य, महर्षी कर्वे, सावित्रीबाई, विश्वेश्वरय्या, बाबा आमटे हे सगळे होऊन गेले. यंदा संपादक मंडळाने हे काम माझ्यावर सोपवले. मी लेखक नाही. रेल्वेत मालगाड्यांच्या डब्यांची तपासणी आणि दुरुस्ती हे माझे काम, आणि शिक्षण म्हणाल तर मेकॅनिकलचा डिप्लोमा. तरीही मी होकार दिला, कारण एका बाईंबद्दल मला बरेच दिवस लिहायचे होते.

त्यांचे नाव मला फार उशिरा कळले. 18 जून 2023 रोजी सकाळी ड्यूटीवर मोबाइलवर काही शोधत असताना गुगलच्या पानावर एका स्त्री शास्त्रज्ञाचे चित्र दिसले. खाली नाव होते, कमला सोहोनी. आडनाव मराठी म्हणून कुतूहल वाटले. त्यानंतर मिळेल ते वाचत गेलो आणि वाचता वाचता त्यांच्या गोष्टीत मला मीच सापडलो. दुर्दैवाने त्यांच्या बाजूला नव्हे, तर समोरच्या बाजूला. ते पुढे येईलच.

कमलाबाईंचा जन्म 18 जून 1911 रोजी इंदूरचा. म्हणजे आपल्यासारख्याच, महाराष्ट्राच्या सीमेबाहेर जन्मलेल्या मराठी. माहेरचे आडनाव भागवत. राजारामशास्त्री भागवतांच्या घराण्यातली ही मंडळी. थोरली बहीण म्हणजे आपल्या सर्वांना माहीत असलेल्या दुर्गाबाई भागवत. लोकसाहित्याच्या अभ्यासासाठी त्या आपल्या इकडच्या जुन्या मध्य प्रांतातल्या गोंडांच्या मुलखात फिरल्या आणि 1975 मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीला विरोध केला. एका घरात अशा दोन बहिणी निपजाव्यात हे नवलच. पण दुर्गाबाईंचे नाव घरोघरी पोचले आणि धाकट्या कमलाबाईंचे प्रयोगशाळेतच राहिले.

त्यांचे वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ. दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. त्यामुळे आपणही तिथेच जायचे हे कमलाने लहानपणीच ठरवले असणार. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा रसायनशास्त्र मुख्य आणि भौतिकशास्त्र दुय्यम विषय घेऊन त्या पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि बंगळूरला अर्ज केला.

संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. 1930 चे नोबेल पारितोषिक मिळालेले, संस्थेचे पहिले भारतीय संचालक, त्याच वर्षी खुर्चीवर आलेले. त्यांनी अर्ज नाकारला. गुण कमी म्हणून नाही, जागा नाहीत म्हणूनही नाही. अर्जदार मुलगी आहे, हेच कारण. संशोधन हे मुलींचे काम नव्हे असे त्यांचे मत होते.

बावीस वर्षांची मुलगी आणि समोर नोबेल विजेता. कोणीही निमूटपणे परतीचे तिकीट काढले असते. कमलाबाई परतल्या नाहीत. देशात गांधीजींच्या सत्याग्रहाचे वारे होते. त्यांनी तेच हत्यार रामन यांच्या दारात वापरले. प्रवेश मिळेपर्यंत हलणार नाही म्हणून कार्यालयासमोर ठाण मांडले. शेवटी रामन यांना नमते घ्यावे लागले, पण त्यांनी अटी घातल्या. पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी धरल्या जाणार नाहीत, एक प्रकारचे प्रोबेशनच. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, अगदी रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागेल. वर्षाअखेर संचालकांची खात्री पटली तरच ते वर्ष मोजले जाईल. आणि सर्वांत बोचरी अट अशी की त्यांच्या असण्याने संस्थेतल्या पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. पण तो अपमान त्या विसरल्या नाहीत. पुढे साठेक वर्षांनंतरही स्त्री शास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी तो बोलून दाखवला. रामन यांचे मोठेपण त्यांना मान्य होते, पण मोठा माणूसही या बाबतीत किती कोत्या मनाचा असू शकतो, हेही त्यांनी लपवले नाही.

इथे थोडे थांबून माझी गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली एक मुलगी ज्युनियर इंजिनिअर म्हणून आली. हुशार आणि कामाला वाघ. पण यार्डात रात्री उजेड कमी, रुळांवरून दगडगोट्यांतून लांबवर चालायचे, एखादा डबा घसरला तर अपघात मदत गाडीबरोबर तासन् तास बाहेर राहायचे. मी रोस्टर बनवताना तिला रात्रपाळी लावत नसे आणि मदत गाडीबरोबर पाठवत नसे. तिला तकलीफ नको, हाच माझा हेतू होता. स्टाफमध्येही सगळ्यांना ते योग्यच वाटे. उलट मी फार समजूतदार साहेब आहे असे मला स्वतःलाच वाटत असे.

दोन वर्षांनी तिच्या वार्षिक अहवालाचा मसुदा करायला बसलो. अडचणीच्या वेळी स्वतंत्रपणे हाताळलेल्या कामांबद्दल लिहायची वेळ आली, तर माझ्याजवळ लिहायला काही नव्हते. तिच्याबरोबरच लागलेल्या मुलाच्या नावावर तीन मोठी कामे होती. त्याचा अहवाल साहजिकच उजवा झाला. तिने माझ्याशी भांडण केले नाही. फक्त एवढे विचारले की ज्या कामांवर माणूस जोखला जातो ती कामेच मला दिली नाहीत, तर मी ती केली नाहीत असे कसे म्हणता येईल. मला उत्तर देता आले नाही.

रामन यांच्या अटी वाचताना मला तो प्रसंग आठवला. ते तोंडावर नाही म्हणाले, मी काळजीच्या नावाखाली नाही म्हणालो. त्यांना निदान समोर बसून सत्याग्रह करता येत होता. माझ्यासारख्याच्या दारात कोणी काय म्हणून बसावे? असो. पुन्हा बंगळूरला जाऊ.

तिथे त्यांना श्रीनिवासय्या नावाचे कडक पण न्यायी मार्गदर्शक लाभले. दूध, डाळी आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर कमलाबाईंनी काम केले. गरिबाच्या ताटात जे असते त्याचा अभ्यास हा त्यांचा जन्मभराचा विषय इथेच ठरला. वर्ष संपले, रामन यांची खात्री पटली. 1936 मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या, तेही विशेष प्राविण्यासह. मुख्य म्हणजे त्यानंतर मुलींना नकार देण्याचे धोरण रामन यांनी सोडले. पुढे त्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत ललिता दोराईस्वामी, सुनंदाबाई, ॲना मणी अशा मुली आल्या. एकीने दार ढकलले ते मागून येणाऱ्यांसाठी उघडे राहिले. अर्थात दार उघडले म्हणजे सगळी वाट मोकळी झाली असे नव्हे. ॲना मणींनी पाच शोधनिबंध लिहूनही एम.एस्सी. नाही या कारणाने विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली. पुढे त्या भारतीय हवामान खात्याच्या उपमहासंचालक झाल्या. आम्हा डिप्लोमावाल्यांना त्यांची गोष्ट विशेष जवळची वाटेल.

1937 मध्ये कमलाबाई शिष्यवृत्तीवर केंब्रिजला न्यूनहॅम कॉलेजात गेल्या. जीवरसायनशास्त्राचे भीष्माचार्य सर फ्रेडरिक हॉपकिन्स तेव्हा तिथे होते. कमलाबाईंनी आधी डॉ. डेरिक रिक्टर आणि नंतर डॉ. रॉबिन हिल यांच्याबरोबर काम केले. बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतीच्या पेशींत सायटोक्रोम-सी सापडले. पेशीत अन्नापासून ऊर्जा तयार होते, त्या साखळीत इलेक्ट्रॉन एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर पोचवणारे हे प्रथिन. म्हणजे प्राण्यांच्या पेशीत श्वसनाचे जे यंत्र चालते, तसेच वनस्पतींतही चालते हे त्यातून पुढे आले. चौदा महिन्यांत काम पुरे झाले. प्रबंध अवघा चाळीस पानांचा. जाडजूड प्रबंधांच्या जमान्यात हे आवर्जून सांगण्यासारखे आहे.

1939 मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. आणखी एक गंमत पाहा. बंगळूरला नाकारणारे मागासलेले आणि केंब्रिज पुढारलेले असे कोणी समजू नये. त्याच केंब्रिजने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने विद्यापीठाच्या पूर्ण पदवीधर मानायला 1948 साल उजाडले.

परदेशात राहणे शक्य असूनही त्या 1939 मध्येच परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्राध्यापक आणि प्रमुख झाल्या. तिथून निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून गेल्या. हीच प्रयोगशाळा 1958 मध्ये हैदराबादला हलली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. कुन्नूरला त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले, शोधनिबंध लिहिले. पण सहायक संचालकाच्या पुढची पायरी कुठे दिसेना. काम वाढत होते, पद जागेवर होते. अखेर त्यांनी ती नोकरी सोडली. 1947 मध्ये विम्याचे गणित मांडणारे ॲक्च्युअरी श्री. सोहोनी यांच्याशी विवाह करून त्या मुंबईला आल्या.

पुष्कळ बायकांच्या नोकरीची गोष्ट लग्नापाशी संपते. कमलाबाईंच्या नोकरीचा मोठा भाग तिथून पुढे सुरू झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा विभाग निघाला आणि त्या तिथे प्राध्यापक झाल्या. फोर्टमध्ये काळा घोड्यापासून जवळच, 1920 मध्ये सुरू झालेली ही संस्था. तिथे विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्यांनी भारतीय अन्नाचा कसून अभ्यास केला. आपल्या वालासारख्या कडधान्यांत प्रथिने भरपूर, पण त्यांतच प्रथिनांचे पचन रोखणारे घटकही असतात. या घटकांवर त्यांच्या प्रयोगशाळेतून 1950 च्या दशकात शोधनिबंध निघाले. आपल्या आज्या कडधान्य भिजवून, मोड आणून, नीट शिजवून का घालत होत्या, त्यामागचे शास्त्र इथे आहे. आरे दूध योजनेलाही त्यांनी दूध नासू नये म्हणून सल्ला दिला.

त्यांचे सर्वांत गाजलेले काम नीरेवरचे. ताड-शिंदीच्या झाडाचा पहाटे उतरवलेला ताजा रस म्हणजे नीरा. आपल्या छत्तीसगडात छिंद आणि ताड ओळखणाऱ्यांना तिची चव सांगायला नको. ऊन चढले की ती आंबते आणि तिची ताडी होते. ताज्या नीरेत अ आणि क जीवनसत्त्वे आणि लोह आहे, आणि नीरेच्या गुळातही ही पोषकद्रव्ये टिकतात, हे कमलाबाईंनी दाखवले. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचे आढळले. या कामाची सूचना राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांची होती आणि त्यासाठी कमलाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. हेच राजेंद्रबाबू 4 फेब्रुवारी 1959 रोजी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन करायला आले होते. आपल्यातल्या ज्येष्ठांना तो दिवस आठवत असेल.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एवढे काम, एवढा मान, ज्येष्ठताही होती. तरी संस्थेच्या संचालकपदावर कमलाबाईंची नेमणूक चार वर्षे रखडली. कारण अंतर्गत राजकारण. 1933 मध्ये त्यांना अडवणारा माणूस समोर होता, त्याचे नाव होते, कारणही तो उघड सांगत होता. या वेळी तसे कोणी नव्हते. नकार कोणी दिलाच नाही. फक्त होकार येत नव्हता.

आपण रेल्वेवाले हे चांगले ओळखतो. गाडी वेळेवर आलेली असते, इंजिन ठीक असते, ड्रायव्हर तयार असतो. पण तिला लूपला घेऊन उभे करतात आणि मेन लाइनवरून दुसरी गाडी काढतात. लूपमध्ये उभ्या गाडीला कोणी रद्द केलेले नसते. कंट्रोलला विचारले तर सिग्नल मिळेल, थोडे थांबा, एवढेच उत्तर. उशीर मात्र त्या गाडीच्या नावावर लागतो.

चार वर्षे म्हणजे काय, हे नोकरदार माणसाला वेगळे सांगायला नको. निवृत्तीची तारीख ठरलेली असते. सुरुवातीची कापलेली वर्षे शेवटाला जोडून मिळत नाहीत. रेल्वेत कोणाची बढती चुकीने राहिली तर नंतर प्रोफॉर्मा फिक्सेशन होते. कागदावर मागची तारीख पडते, पगाराचा हिशेब जुळतो. पण त्या वर्षांत त्या खुर्चीवर बसून जे निर्णय घेतले असते, ज्यांना पुढे आणले असते, ते कुठल्या फिक्सेशनने मिळणार? कमलाबाई संचालक झाल्या असत्या तेव्हापासूनची चार वर्षे फक्त त्यांची गेली नाहीत, संस्थेचीही गेली.

शेवटी नेमणूक झाली. एवढ्या मोठ्या विज्ञान संस्थेच्या प्रमुखपदी स्त्री बसल्याचे केंब्रिजच्या डॉ. रिक्टर यांनी मनापासून कौतुक केले. बंगळूरला संशोधक म्हणून जिला दारात अडवले, तीच मुलगी मुंबईच्या संस्थेची पहिली स्त्री संचालक झाली.

सरकारी खुर्चीबाहेरही त्यांचे काम चालूच होते. 1966 मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली. ग्राहक संरक्षण कायदा आला 1986 मध्ये, म्हणजे त्याच्या वीस वर्षे आधी. त्या नऊजणींत कमलाबाई होत्या. 1982-83 मध्ये त्या तिच्या अध्यक्षही झाल्या. संस्थेच्या ‘कीमत’ या मासिकात त्यांनी ग्राहकांसाठी लेख लिहिले. प्रयोगशाळेतले ज्ञान किराणा दुकानापर्यंत आणले.

बाहेरचा सन्मान मात्र पुन्हा उशिराच आला. वयाच्या ऐंशीनंतर त्यांच्याकडे देशाचे लक्ष गेले. 1998 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा दिल्लीत सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत, 28 जून 1998 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर काय बदलले, असे कोणी विचारील. पुष्कळ बदलले, पण सावकाश. 1857 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाला पहिल्या स्त्री कुलगुरू, डॉ. मेहरू बंगाली, मिळाल्या 1986 मध्ये. मध्ये 129 वर्षे गेली. आपल्या शेजारच्या दुर्गच्या हेमचंद यादव विद्यापीठात 2019 मध्ये डॉ. अरुणा पलटा आणि खैरागडच्या संगीत विद्यापीठात 2020 मध्ये लोकगायिका ममता चंद्राकर कुलगुरू झाल्या. आमचे रेल्वे बोर्ड 1905 चे, त्याच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री, जया वर्मा सिन्हा, बसल्या 1 सप्टेंबर 2023 रोजी. शिकणाऱ्या मुली आता कुठल्याही कॉलेजात दिसतात, शिकवणाऱ्या प्राध्यापिकाही पुष्कळ. पण वर्गापासून प्राचार्यांच्या, संचालकांच्या, कुलगुरूंच्या खोलीपर्यंतच्या जिन्यावर त्या कमी होत जातात. त्यांना कोणी नाकारलेले असतेच असे नाही. परीक्षा विभागाचे, वसतिगृहाचे, बांधकामाचे, निधीचे काम, म्हणजे ज्यावर पुढचे पद ठरते ते काम, कोणीतरी काळजीपोटी त्यांच्याकडे दिलेले नसते. माझ्यासारख्याच कोणा समजूतदार साहेबाने.

त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. त्या वर्षापासून रोस्टर सर्वांना एकच केले. यार्डातल्या त्या अंधाऱ्या टप्प्यावर दिवे लावून घेतले, महिलांसाठी विश्रांतीची खोली मिळवली. ही व्यवस्था आधीच करता आली असती, मी तिलाच घरी ठेवून सोपा मार्ग काढला होता. मदत गाडीबरोबर ती गेली, पुन्हा पुन्हा गेली. तिला बढती मिळाली, पण बरोबरच्या मुलानंतर दोन वर्षांनी. ती दोन वर्षे माझ्या खाती आहेत.

जाता जाता एक घरची गोष्ट. हा लेख लिहिताना मी आपल्या मागच्या पंचवीस स्मरणिका कपाटातून काढून पाहिल्या. महिला विभाग प्रमुखांचा फोटो दर अंकात आहे. मोदक, रांगोळी, अथर्वशीर्ष पठण, मुलांची नाटके यांचे श्रेय आपण त्यांना नेहमी देतो. परंतु अध्यक्ष, कार्याध्यक्ष आणि कोषाध्यक्ष या तीन चौकटींत पंचवीस वर्षांत एकही स्त्री नाही. आपण कोणाला नकार दिला असे मला आठवत नाही. विचारलेच नाही. वर्गणीचा हिशेब, मंडपाचा ठेका, पोलीस परवानगी ही कामे त्यांना तकलीफ नको म्हणून आपणच करत आलो.

आपल्या मंडळात निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, कॉलेजात शिकवणाऱ्या आहेत, प्लांटमध्ये अधिकारी आहेत. विसर्जनानंतरच्या वार्षिक सभेत पुढल्या वर्षीच्या कोषाध्यक्षपदासाठी मी त्यांतल्याच एका नावाची सूचना करणार आहे. सभासदांनी विचार करून यावे ही विनंती.

गणपती बाप्पा मोरया!